बसल्या जागी समुद्र

पाळीव प्राण्यांच्या दोन जाती असतात. पहिल्या जातीच्या प्राण्याला आपण फिरवून आणतो. दुसऱ्या जातीचा प्राणी जागचा हलत नाही, त्यामुळे त्याच्याभोवती जग फिरवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. कुत्रा पहिल्या जातीत मोडतो, प्रवाळ दुसऱ्या. कुत्र्याचं काम सकाळ-संध्याकाळ मिळून तासाभरात उरकतं. प्रवाळाचं चोवीस तास चालतं, रात्रीही, आपण परगावी गेलो तरीही. आणि इतकं करून ते शेपूट हलवत नाही, कारण त्याला शेपूट नाही. असतं तरी ते आपणच हलवायचं, असा त्याचा एकूण हिशेब दिसतो.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. तिकडच्या मराठी घरांच्या बैठकीच्या खोलीत जे जे असतं ते त्याच्याकडेही आहे: कोपऱ्यात गणपती, भिंतीवर वारली चित्र, मोठा टीव्ही. फक्त सोफ्याचं तोंड टीव्हीकडे नाही. ते चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा काचेच्या टाकीकडे आहे. टाकीत निळसर उजेड, खडक, दोन-चार मासे आणि खडकांना चिकटलेली रंगीबेरंगी प्रवाळं. पाहुणा आला की भाचा सांगतो, “मासे जाऊ दे, कोरल बघ.” पाहुणा कोरल बघतो. कोरल काहीच करत नाही. पाहुणा पुन्हा मासे बघतो.

माझी बहीण, म्हणजे त्याची आई, पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा टाकीसमोर उभी राहून म्हणाली, “अरे, पोवळं मंगळासाठी बोटात घालतात. तू पाण्यात कशाला घालून ठेवलंस?” अंगठीतलं लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातल्या वेगळ्याच प्रवाळाचा सांगाडा असतो, ही प्रवाळं जिवंत आहेत, असं त्याने समजावलं.

“जिवंत आहेत तर हलत का नाहीत?”

“ती हलत नाहीत म्हणून तर पाणी हलवायचं, आई.”

त्या घराचा सगळा कारभार या एका वाक्यावर चालतो.

प्रवाळ हा प्राणी आहे. एक-एक पॉलिप म्हणजे तोंड, पोट आणि तोंडाभोवतीचे स्पर्शक. बाहेर पडायचा रस्ताही तोंडातूनच. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडात साखर तयार करतं आणि अनेक प्रवाळांची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत त्यावर भागते. म्हणजे जेवणही घरच्या घरी. उठायचं कारणच काय?

आमचे आजोबा असेच झोपाळ्यावर बसत. चहा तिथे येई, वर्तमानपत्र तिथे येई, औषधाची पुडी पाण्याच्या भांड्यासकट येई आणि पिकदाणी तिथून जाई. यातलं शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. आणून देणाऱ्याचं कौतुक होतं, नेऊन टाकणारीचं नाव कोणी घेत नाही. प्रवाळाजवळचं पाणी ही दोन्ही कामं करतं. प्राणवायू, कॅल्शियम, खाण्याचे बारीक कण आणून देतं. अंगावर बसलेला गाळ, चिकट स्राव आणि नको असलेलं सगळं घेऊन जातं. पाणी थांबलं तर काय होईल? आजोबांकडे दोन दिवस कोणी फिरकलं नसतं तर जे झालं असतं तेच. फक्त प्रवाळ ओरडत नाही.

टाकीत पाणी आहे, म्हणजे ते प्रवाळाजवळ आहेच की, असं आपल्यासारख्याला वाटतं. इथे भाचा सोफ्यावर पुढे सरकतो, आणि तो पुढे सरकला की भाचेसून उठून आत जाते. तिचं ऐकून झालेलं असतं. कुठल्याही पृष्ठभागाला लगटून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्तब्ध असतो. जाडी मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. त्यातून जे काही आत-बाहेर व्हायचं ते झिरपत, सावकाश. बाहेरचं पाणी जोरात वाहिलं की हा थर आणखी पातळ होतो आणि देवघेव चटकन होते. चार फुटी टाकीतली सगळी यंत्रणा, महिन्याचं विजेचं बिल आणि भाच्याच्या पगाराचा बराचसा भाग त्या मिलिमीटरभर पाण्याला बाजूला सारण्यात खर्च होतो.

त्याची टाकी भरते १२० गॅलनची, म्हणजे साधारण ४५० लिटरची. छंदातल्या मंडळींचा एक ढोबळ आडाखा आहे. मऊ प्रवाळांना टाकीतलं पाणी तासाला दहा ते वीस वेळा फिरलं तर चालतं; ॲक्रोपोरासारख्या बारीक फांद्यांच्या कठीण प्रवाळांना तीस, चाळीस, प्रसंगी पन्नास वेळाही लागतं. भाच्याने चाळीस धरलेत. ४५० गुणिले ४०, तासाला १८,००० लिटर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात १०,००० लिटरचा टँकर शिरतो तेव्हा माणसं गॅलरीत येऊन उभी राहतात. इथे दर तासाला जवळपास दोन टँकर. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटरचं प्रमाण धरतात. त्या हिशेबाने १३३ माणसांचं दिवसाचं पाणी भाचा तासाभरात त्या काचेत घुसळतो. पाणी तेच असतं, हे कबूल. पण तेच ते पुन्हा पुन्हा फिरवून भरपूर काम केल्याचं दाखवता येतं, हे ज्याने ऑफिसात हयात घालवली त्याला वेगळं सांगायला नको.

बरं, नुसतं जोरात फिरवून भागत नाही. एकाच दिशेने एकसारखा झोत सोडला तर प्रवाळाची समोरची बाजू सोलवटते, मागची उपाशी राहते आणि खडकाआड गाळ साचून तिथे तांबडी बुळबुळीत साय धरते. समुद्रात लाट येते तशी परत जाते, भरती-ओहोटीला दिशा बदलते, खडकावर आपटून भोवरे घेते. ही सगळी बेशिस्त घरात शिस्तीने निर्माण करायची, हा या छंदाचा गाभा. माणसं साठाहून अधिक वर्षं त्यात गुंतली आहेत.

जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकीत समुद्री जीव जगवायची आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. होनोलुलूच्या वायकिकी मत्स्यालयातले ब्रूस कार्लसन यांनी लाटच बनवली. वर एक पिंप, त्यात हळूहळू पाणी भरतं, काठोकाठ झालं की सायफन सुरू होतो आणि सगळं पाणी धबाककन टाकीत कोसळतं. मग पुन्हा भरायला सुरुवात. भाच्याला हे बैठकीच्या खोलीत करायचं होतं. भाचेसुनेने एवढंच विचारलं, “पाहुण्यांना दर दोन मिनिटांनी सांगत बसायचं का, की आमचं बाथरूम तिकडे आहे?” पिंपाचा बेत तिथेच रद्द झाला.

मग आले पंप. जर्मनीच्या टुन्झे कंपनीने रुंद, मवाळ झोत सोडणारे प्रोपेलरचे पंप आणले. पेनसिल्व्हेनियातल्या इकोटेक मरीनने व्होरटेक नावाचा पंप काढला, त्यात मोटर काचेबाहेर असते, पंखा काचेच्या आत, आणि दोघांचा संबंध फक्त चुंबकाने. भाच्याने हे मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. आतून आवाज आला, “मामा, आमच्या दोघांचंही सध्या असंच आहे. हा टाकीपाशी, मी काचेपलीकडे.”

या पंपाला लहरी शिकवलेल्या असतात. ‘लगून’ म्हणजे खाडीतलं आळसावलेलं पाणी, ‘रीफ क्रेस्ट’ म्हणजे प्रवाळभिंतीच्या माथ्यावरची खवळाखवळ, ‘टायडल स्वेल’ म्हणजे हळूहळू चढत जाणारी भरती. खाऊ घालायच्या वेळी ‘फीड मोड’ दाबला की काही मिनिटं सगळं थांबतं, नाहीतर खाणं प्रवाळाच्या तोंडावरून सुसाट निघून जातं. माणसांसाठी लावलेल्या छताच्या पंख्याला मात्र तीनच वेग आहेत, आणि त्यातला मधला चालत नाही.

वेळापत्रक एकदा लावलं की पंप घड्याळाबरहुकूम चालतो; घरात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सत्यनारायणाच्या पूजेला मी तिथे होतो. गुरुजींची कथा साधुवाण्याच्या जावयाची नौका नाहीशी होते तिथवर आली आणि टाकीत ‘टायडल स्वेल’ सुरू झाला. पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे चढू लागलं, प्रवाळं आडवी झाली, मासे खडकाआड गेले. मंडळींनी आपोआप हात जोडले. गुरुजींनी टाकीकडे एकदा पाहिलं आणि पुढचा भाग फार रंगवून सांगितला. त्या वर्षी प्रसाद टाकून कोणी गेलं नाही.

जागावाटप हा वेगळाच विषय. ॲक्रोपोराला वर, लख्ख उजेडात, उलटसुलट झोतात बसायचं असतं. हॅमर आणि टॉर्च ही लांब मांसल स्पर्शकांची प्रवाळं. त्यांना मध्यम, झुलवणारा प्रवाह हवा. थेट झोत लागला तर त्यांचं मांस स्वतःच्याच सांगाड्याच्या धारदार कडेवर घासून फाटतं. मश्रूम कोरल तळाशी, कोपऱ्यात, जवळजवळ संथ पाण्यात खूश. जोर वाढला की ते चक्क दगड सोडतं आणि वाहत जाऊन तिसरीकडेच बस्तान मांडतं. न हलण्याची एवढी प्रतिष्ठा असलेल्या या कुळात घर सोडून जाणारं ते एकटंच, तेही रागाने. गॅलेक्सिया नावाचं प्रवाळ दिवसा अगदी सालस दिसतं. रात्री मात्र त्याला लांबलचक डंखाचे स्पर्शक फुटतात आणि पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेच्या शेजाऱ्याचं काही खरं नसतं. त्यामुळे पंपाचं तोंड जरा फिरवायचं म्हटलं तरी कोण कोणाच्या खालच्या अंगाला येतं हे आधी पाहावं लागतं.

प्रवाह बरोबर आहे हे ओळखायचं कसं, असं मी विचारलं. भाचा म्हणाला, “मामा, पॉलिप झुलले पाहिजेत. वाकून राहिले तर जास्त झालं, नुसते उभे राहिले तर कमी. आणि मिटून बसले तर काय चुकलं ते आपण शोधायचं.” या शेवटच्या शोधात त्याच्या अनेक संध्याकाळी जातात. काचेला नाक लावून तो एकेका फांदीकडे बघत असतो. ऑफिसातलं कोणी रुसलं तर त्याच्या ध्यानातही येत नाही, अशी त्याच्या वरिष्ठांची तक्रार आहे.

पंप नवा लावला की पहिला बळी तळाच्या वाळूचा. एका रात्री पंपाचं तोंड दोन बोटं खाली झुकलं आणि सकाळी चार फुटांत वाळवंट उसळलेलं होतं. टाकीचा अर्धा तळ उघडा काचेवर आणि उरलेली वाळू प्रवाळांच्या डोक्यावर. ती काढायला घरात एक आयुध आहे. अमेरिकेत टर्की भाजताना तिच्यावर तिचाच रस सोडायला रबरी फुग्याची पिचकारी मिळते. भाच्याचं घर शुद्ध शाकाहारी, पण ही पिचकारी त्यांच्याकडे आहे. दर रविवारी तो खडकांच्या फटींतला गाळ तिने फुंकून काढतो, म्हणजे पाण्यात तरंगला की गाळणीकडे जातो. हीच पिचकारी प्रवाळांना गोठवलेली बारीक कोळंबी भरवायलाही लागते. कोळंबी फ्रीझरमध्ये पुरणपोळ्यांच्या शेजारी असते. बहिणीने पुरणपोळ्यांना वरचा कप्पा मिळवून दिला, तेवढ्यावर तह झाला.

वीज गेली की मात्र विनोद संपतो. पाणी थांबतं, त्यातला प्राणवायू उतरत जातो, आणि टाकीतली एवढी सगळी बैठी मंडळी काही तासांत संकटात येतात. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा असंख्य घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हापासून तिकडचे टाकीवाले बॅटरीचा बंदोबस्त केल्याशिवाय झोपत नाहीत. या एका बाबतीत मला घरात तज्ज्ञाचा मान मिळाला. इन्व्हर्टरवर काय चालवायचं आणि काय नाही, बॅटरीत पाणी कधी बघायचं, वीज येण्याआधी पंखा कसा एकदा फडफडतो, हे सगळं लोडशेडिंगच्या शाळेत शिकलेला माणूस त्यांना प्रथमच भेटला होता. फरक एवढाच होता की आमच्याकडे बॅटरीवर माणसांसाठी पंखा चालायचा. इथे माणसं अंधारात आणि टाकीत मंद भरती.

एवढा आटापिटा निव्वळ हौसेचा, असं म्हणून मी तो मनातून काढून टाकणार होतो. पण प्रवाहाने प्रवाळं वाचतात हे समुद्रानेच दाखवून दिलं आहे. १९९८ मध्ये पाणी तापून जगभर प्रवाळं पांढरी पडली. जपानच्या ओकिनावा भागात अभ्यासकांना आढळलं की जिथे पाणी जोरात वाहत होतं तिथली प्रवाळं तुलनेने जास्त तगली. कारण तेच, आजोबांच्या पिकदाणीचं. उन्हात शैवाल जोमाने काम करतं तेव्हा पेशींत प्राणवायूची घातक रूपं साचतात, ती कोणीतरी उचलून न्यावी लागतात.

इथपर्यंत प्रवाळ हा विश्वातला सर्वांत आळशी प्राणी, याबद्दल माझी खात्री पटली होती. मग भाच्याने मला दोन संशोधनं सांगितली आणि माझा घोटाळा करून टाकला. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कठीण प्रवाळाच्या कातडीवर अतिसूक्ष्म केस होते, आणि ते सगळे मिळून पाणी ढवळत होते. कातडीलगत चक्राकार भोवरे फिरत होते. त्या स्तब्ध थराला हात घालायचं काम प्रवाळ स्वतःच, कोणाच्या नकळत, करत होतं. म्हणजे बैठकीला बसून पायाच्या अंगठ्याने झोपाळा हलवणाराही यांच्यात आहेच. त्याआधी २०१३ मध्ये तांबड्या समुद्रातल्या झेनिया कुळातल्या मऊ प्रवाळाचा अभ्यास झाला. त्याचे पॉलिप रात्रंदिवस मुठी उघडमीट करत राहतात आणि तसं केल्याने अंगाशी साचलेला जास्तीचा प्राणवायू झटकला जाऊन शैवालाचं काम सुधारतं. हा व्यायाम ते दिवसातून एकदाच थांबवतात. दुपारी. जेमतेम अर्धा तास.

हे ऐकून मला त्या जिवाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. दुपारची झोप घेणारा प्राणी वाईट असूच शकत नाही. आमच्या पुण्यात त्याला दुकान काढता आलं असतं.

हे वाचून कोणी मालवणहून बादलीत एखादं प्रवाळ घेऊन घरी येऊ नये, म्हणून सांगून ठेवतो. आपल्या वन्यजीव कायद्याने कठीण प्रवाळांना २००१ पासून वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसवलं आहे. उचललंत तर तुरुंगात पाण्याचा प्रवाह तासाला किती, हे तुम्हीच मोजाल. आणि गरजही नाही. मालवणच्या खडकांवर, विजयदुर्गापासून आत शंभरेक किलोमीटरवर पसरलेल्या आंग्रिया बँकेवर, अरबी समुद्र हे काम फुकट करतो, पावसाळ्यात तर हवं त्यापेक्षा जास्त. मुंबईत कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं हलवायची वेळ आली तेव्हा महापालिकेला वनखात्याची परवानगी काढून, शास्त्रज्ञ बोलावून ती अलगद दुसरीकडे न्यावी लागली. मुंबईत भाडेकरू हलवणं अवघड असतं हे माहीत होतं. पण त्यांच्यासाठी शास्त्रज्ञ येत नाहीत.

हलवण्याचा हा प्रश्न अलीकडे भाच्याच्याही दाराशी आला. टेक्सासमधून त्याला चांगली नोकरी आली, पगार वाढीव, घरसामान हलवायचा खर्च नव्या कंपनीचा. सामान पाहायला एक माणूस आला. त्याने सोफा मोजला, टीव्ही मोजला, गणपतीला नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि टाकीसमोर थांबला. भाच्याने त्याला समजावलं की हे तीन हजार किलोमीटर जिवंत न्यायचं आहे, पाण्याचं तापमान उतरता कामा नये, आणि वाटेत पाणी हलत राहिलं पाहिजे, पण एकाच दिशेने नको. त्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं आणि तो गेला. नंतर त्याने फोन उचलला नाही.

भाच्याने नोकरी नाकारली. नकार कळवायच्या फॉर्मवर कारणाचा रकाना होता, त्यात त्याने ‘कौटुंबिक’ असं लिहिलं. भाचेसुनेने ते वाचलं आणि म्हणाली, “बरोबरच आहे. एवढ्या जणांचं बिऱ्हाड, सगळ्यांना विचारायला नको?” मी मात्र त्याच फॉर्मचा पुढचा रकाना पाहिला होता. त्यात ‘आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तींची संख्या’ विचारली होती. एकेका फांदीवर शेकडो पॉलिप धरले तर खरा आकडा मावायला पुरवणी जोडावी लागली असती. त्याने तिथे ‘१’ लिहिलं होतं. तो एक कोण, हे विचारायचं धाडस अजून घरात कोणी केलेलं नाही.